'रखडलेला' अल्बम म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या 'स्माइल'वर लिहिताना 'रखडलेला सायकेडेलिक पॉप अल्बम' म्हटलं तर चालेल का? विचारणाऱ्यांना 'रखडलेला' म्हटलं की मुंबई-गोवा महामार्ग आठवतो. त्यापेक्षा 'बहुप्रतीक्षित' बरा, असं त्यांना वाटतं.

'बहुप्रतीक्षित' नकोच. येत्या शुक्रवारी लागणारा कुठलाही सिनेमा बहुप्रतीक्षित असतो. शिवाय त्यातून वाट पाहणारे दिसतात, कामाचं काय झालं ते दिसत नाही. 'प्रलंबित' कोर्टातल्या खटल्यांना राहू द्या.

महामार्ग आठवला ते ठीकच झालं, कारण 'स्माइल'ची गत तीच. १९६६ मध्ये बँडचा प्रमुख गीत-संगीतकार ब्रायन विल्सनने व्हॅन डाइक पार्क्स या गीतकाराला सोबत घेतलं आणि गाणी तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तुकडे नंतर जोडायचे होते. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने अल्बमची लाखो वेष्टनं छापूनही ठेवली. डिसेंबरची तारीख जानेवारीवर गेली, तेव्हा अल्बम 'लांबणीवर पडला'. पुढची तारीख हातात असली की हाच शब्द. मग तारीखच उरली नाही, तेव्हा तो 'रखडला'. मे १९६७ मध्ये बँडचे प्रसिद्धीप्रमुख डेरेक टेलर यांनी काम सोडून दिल्याचं जाहीर केलं, तेव्हा 'बारगळला'. एकाच अल्बमने सहा महिन्यांत तीन क्रियापदं वापरून टाकली!

पण बारगळलेली गोष्ट सहसा परत येत नाही. ही आली. मधल्या काळात यातली काही गाणी बँडच्या इतर अल्बममध्ये शिरली, चोरट्या टेप हातोहात फिरल्या. म्हणजे अल्बम रखडला आणि सूर रेंगाळले. रेंगाळण्यात गोडी असते, रखडण्यात नसते. फेब्रुवारी २००४ मध्ये विल्सनने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये 'स्माइल' पहिल्यांदा सबंध सादर केला आणि त्याच वर्षी तो नव्याने ध्वनिमुद्रितही केला. वय ६१, तरुणपणीचा तो उंच, पातळ आवाज आता खाली उतरलेला. मूळ टेपांचा संच २०११ मध्ये आला.

'रखडणे'चा खरा गुण व्याकरणात आहे. ते अकर्मक आहे, काम आपोआपच रखडतं, दोष कुणाचाच नाही. (सरकारी निवेदनांना ते इतकं का आवडतं, हे वेगळं सांगायला नको.) 'रखडवला' म्हटलं की मात्र नाव घ्यावं लागतं. कुणी? शब्दांवर आक्षेप घेणारा बँडमधला माइक लव्ह, कंपनीशी चाललेला कोर्टाचा वाद, अमली पदार्थ, की विल्सनचं बिघडत गेलेलं मानसिक स्वास्थ्य? चाहते अजून यावरच भांडतात. कुणाचीही बाजू घ्यायची नसेल तर 'सदतीस वर्षं रखडलेला' असंच लिहा. आकडा घातला की महामार्गाची आठवणही जरा मागे पडते.

राहता राहिला 'सायकेडेलिक'. हम्फ्री ऑसमंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ मध्ये लेखक ऑल्डस हक्सलीशी झालेल्या पत्रव्यवहारात तो ग्रीक शब्दांवरून घडवला. अर्थ साधारण 'मन प्रकट करणारा'. 'भ्रामक' किंवा 'मायावी' म्हटलं की अर्थ उलटाच होतो, तेव्हा आहे तसाच ठेवावा. मी एकदा 'मनोविस्तारक पॉप' लिहून पाहिलं होतं. वाचताना चूर्णाचं नाव वाटलं.