ऑइल कूलर गेला की नुसतं रबर गेलं?

प्रश्न : माझी २०१४ची डिझेल हॅचबॅक १ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. कूलंटच्या टाकीत कॉफीच्या रंगाचा, लोण्यासारखा थर दिसतोय. डिपस्टिकवरचं तेल मात्र स्वच्छ आहे. सर्व्हिस सेंटरने ऑइल कूलर फिल्टर हाऊसिंगसकट (ऑइल फिल्टर बसतो त्या घरासकट) बदलायला सांगून २६ हजारांचा अंदाज दिला. दुरुस्ती होत नाही का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : बऱ्याचदा होते. पण कूलर खोलण्याआधी दोष त्याचाच आहे ना, याची खात्री करून घ्या. इंजिन चालू असताना तेलाचा दाब साधारण ३ ते ४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असतो, कूलंटचा जेमतेम १ किलो. त्यामुळे दोघांमधली भिंत फुटली की तेल पाण्यात शिरतं आणि डिपस्टिक स्वच्छ राहते. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात. हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची, शंका फेडायला गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीचं झाकण काढून इंजिन चालू करा. टाकीत सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर जात असेल किंवा पाणी कमी होत असेल, तर रोग वेगळा आहे. रेडिएटरवाल्याकडे निळ्या द्रवाची तपासणी नळी असते. टाकीतल्या वाफेने तो द्रव हिरवा किंवा पिवळा पडला, तर जळलेला वायू पाण्यात येतोय असं समजा.

खात्री होईपर्यंत गाडी चालवू नका. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब लगेच शून्य होतो, पण गरम कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो. त्या वेळात पाणी उलट तेलात झिरपू शकतं. कूलंट मिसळलेल्या तेलावर इंजिन चाललं तर बेअरिंग खराब होतात, आणि तो खर्च २६ हजारांच्या कितीतरी पुढचा असतो.

आता कूलरबद्दल. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा ठोकळा असतो आणि ऑइल फिल्टरच्या हाऊसिंगवर बोल्टने बसवलेला असतो. एका थरातून तेल, शेजारच्या थरातून पाणी. मध्ये रबराचं गॅस्केट किंवा ओ-रिंग. हे रबर रात्रंदिवस गरम तेलात राहून कडक होतं. काढल्यावर बघा : नवी रिंग गोल आणि लवचिक असते, जुनी चपटी होऊन चौकोनी कडांची झालेली असते आणि दुमडली तर लाखेच्या बांगडीसारखी कट्कन तुटते. अशी रिंग हातात आली तर दोष बहुधा तिचाच आहे. ती आणि गॅस्केट मिळून काही शे रुपयांचं काम.

तरी ठोकळा तपासल्याशिवाय परत बसवू नका. पाण्याच्या बाजूची भोकं मोकळी ठेवा, तेलाच्या बाजूचं एक भोक रबर आणि पट्टी लावून बंद करा आणि दुसऱ्यातून ३ ते ४ किलो हवा भरा. ठोकळा कोमट पाण्यात बुडवून दहा मिनिटं लक्ष ठेवा. पाण्याच्या भोकातून एकही बुडबुडा आला, तर आतला पत्रा फुटलाय. मग दुरुस्तीचा हट्ट सोडा. पत्रे भट्टीत एकत्र ब्रेझ केलेले, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडलेले असतात, आत वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही. नवा ठोकळा घ्या, पण हाऊसिंग शाबूत असेल तर फक्त ठोकळाच. आधी गाडीचा इंजिन नंबर दाखवून तो सुटा मिळतो का ते पार्ट्सच्या काउंटरवर विचारा.

ओ-रिंग मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मापाने मिळते. जुनी रिंग चपटी झालेली असल्यामुळे तिचं माप चुकीचं येतं, म्हणून हाऊसिंगमधल्या खाचेची रुंदी आणि खोली मोजून न्या. मागताना व्हायटन रबराची मागा. साधं नायट्राइल १०० अंशांच्या पुढे लवकर कडक होतं, व्हायटन २०० अंशांपर्यंत टिकतं. ईपीडीएम रबर मात्र कुणी दिलं तरी घेऊ नका. ते पाण्यासाठी उत्तम, पण तेल लागलं की फुगतं.

बसवताना जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पॉलिश पेपर लावू नका. ॲल्युमिनियमवर एक लांब ओरखडा पडला तरी तेलाला वाट मिळते. सरळ पट्टी टेकवून खालून ०.०५ मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातं का बघा. गेलं तर पृष्ठभाग वाकलाय. ओ-रिंगला इंजिनचं तेल बोटाने चोळा. सिलिकॉन सीलंट लावू नका, कारण जास्तीचा थर आत सुटतो आणि तेलाच्या बारीक वाटेत जाऊन अडकतो. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ॲल्युमिनियममध्ये ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. इथे हाताच्या अंदाजाने पिळलं की आटे निघतात.

खरी मेहनत यापुढे आहे, आणि घाई होते ती इथेच. रेडिएटरमधलं तेल धुतलं नाही तर पंधरा दिवसांनी टाकीत पुन्हा लोणी दिसतं आणि नव्या ओ-रिंगला दोष जातो. जुनं कूलंट रेडिएटरच्या खालच्या होजमधून, म्हणजे रबरी पाईपातून काढा. टाकी काढून वेगळी गरम पाण्याने धुवा. साधं पाणी भरून त्यात रेडिएटर फ्लशची बाटली ओता. भांड्यांचा हाताने वापरायचा साबण नको, फेस होऊन हवा अडकते. खालचा होज गरम होईपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरची वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवा आणि पुढे बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. या सगळ्या वेळात हीटर पूर्ण गरमवर असू द्या. मुंबईत हीटरला कुणी हात लावत नाही, त्यामुळे काही गाड्यांत त्याच्या कोअरमधलं (आतल्या छोट्या रेडिएटरमधलं) तेल तसंच राहतं. मग इंजिन पूर्ण थंड करून पाणी सोडा. पाण्यावरची तेलाची तवंग जाईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा, चार-पाच वेळा लागू शकतं. शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी शेवटी ठेवलं तर क्षार आत राहतात.

रेडिएटरचे होज बहुतेक ईपीडीएमचेच असतात. ते दाबून बघा. जिथे तेल बसलंय तिथे होज फुगून मऊ, चिखलासारखा लागतो. असा होज बदलाच, नाहीतर एलबीएस मार्गावरच्या गर्दीत तो क्लॅम्पजवळून निसटेल. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा, ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून हवा काढा आणि इंजिनचं तेल-फिल्टर बदला. डिपस्टिक स्वच्छ असली तरी बदला. काढलेलं कूलंट सोसायटीच्या गटारात सोडू नका. ते विषारी आहे आणि चव गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. कॅनमध्ये भरून जुन्या तेलासोबत द्या.

प्रश्न : माझ्या गाडीचा ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढे, हवेवर थंड होणारा आहे. पाईपच्या सांध्याजवळ बारीक भोक पडलंय. आर्गन वेल्डिंग टिकेल का?
– एक वाचक, विरार

उत्तर : सांधा किंवा बाजूची टाकी असेल तर टिकतं. मधल्या जाळीतल्या नळीला भोक असेल तर नाही, तो पत्रा इतका पातळ असतो की टॉर्च लागताच मोठा खड्डा पडतो. वेल्डिंग फसण्याचं मुख्य कारण म्हणजे धातूत मुरलेलं तेल. ते तापल्यावर वायू होऊन बाहेर येतं आणि टाक्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. कूलर आतून-बाहेरून डिग्रीझरने धुऊन, वाळवून, शेकून मगच द्या. भोकाभोवतीचा पांढरा गंज स्टेनलेस स्टीलच्या नव्या ब्रशने पूर्ण काढा. लोखंडावर वापरलेला ब्रश चालत नाही. काम एसी करंटवर, सिलिकॉन असलेल्या ४०४३ रॉडने व्हावं. मग वर सांगितलेली हवेची चाचणी. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यातल्या चिखलात जाळी कुजते, तेव्हा एका भोकाजवळ दुसरं तयार होतंय का ते नखाने टोकरून पाहा. पत्रा भुसभुशीत लागला तर वेल्डिंगचे पैसे वाया. इपॉक्सी पुटीला तेलाचा दाब पेलत नाही.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी आहे. कूलंटच्या टाकीत गुलाबी, दुधासारखं काहीतरी दिसतंय.
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : गाडी आत्ताच्या आत्ता थांबवा. तुमच्या गाडीचा गिअर ऑइलचा कूलर बहुधा रेडिएटरच्या खालच्या किंवा बाजूच्या टाकीत आहे आणि तो आतून फुटलाय. गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं तर क्लच प्लेटचं अस्तर सुटतं. इथे रेडिएटर दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवाच घ्या आणि गाडी टो करून गिअरबॉक्सचं तेल पूर्ण बदलून घ्या. नुसतं चेंबर सोडून सगळं तेल निघत नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच उरतं. म्हणून ते मशीनने बदला, किंवा भरून-काढून तीनदा.

प्रश्न : ऑइल कूलर बायपास करून टाकला तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टर्बो असलेल्या गाडीत अजिबात नको. टर्बोचा दांडा तेलाच्या पापुद्र्यावर फिरतो. तेल जास्त तापलं की पातळ होतं आणि तो पापुद्रा फाटतो. नवा भाग येईपर्यंत दोन-चार दिवस गाडी उभी राहिली तर काही बिघडत नाही.