नॉर्थ अंपक्वावरचं स्टीमबोट इन आणि मूर दांपत्य

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, रोझबर्गहून क्रेटर लेककडे जाताना १३८ नंबरच्या रस्त्यावर, नॉर्थ अंपक्वा नदीच्या काठी, स्टीमबोट इन हे राहण्या-जेवणाचं ठिकाण लागतं. ते पहिल्यापासून एकाच कुटुंबाचं आहे का आणि त्याचा इतिहास काय, असं विचारलं आहे. मी ओरेगनमध्येच राहतो आणि या नदीवर गळ टाकायला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकाच कुटुंबाचं नाही, हातबदल झालेले आहेत. पण आज ही जागा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते फ्रँक आणि जीन मूर. त्यांचं सगळ्यात मोठं काम इनच्या बाहेर, डोंगरातल्या ओढ्यांवर झालं, असं माझं ठाम मत आहे.

आधी मासा समजून घ्या. इथे लोक येतात ते स्टीलहेडसाठी. हा सामन (salmon) माशाचा सख्खा भाऊबंद. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत येतो. इथला सामन एकदा अंडी घातली की मरतो, स्टीलहेड वाचला तर पुन्हा समुद्र गाठू शकतो. उन्हाळ्यात चढणारे मासे लगेच अंडी घालत नाहीत. हिवाळ्यापर्यंत, कित्येक महिने, ते थंड डोहांत थांबून राहतात. त्या काळात पाणी तापलं की खेळ संपला.

१९३० च्या दशकात क्लॅरेन्स गॉर्डन यांनी इथे नदीच्या दक्षिण काठावर नॉर्थ अंपक्वा लॉज चालवलं. १९५० च्या आसपास वरच्या अंगाला जलविद्युत प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं, नदी गढूळ झाली आणि ते लॉज बंद पडलं. गॉर्डनकडे वाटाड्या म्हणून काम केलेल्या फ्रँक मूरने १९५७ मध्ये उत्तर काठावर स्टीमबोट इन सुरू केलं. १९४४ मध्ये नॉर्मंडीत लढून आलेला हा माणूस. फ्रान्सने पुढे त्याला लीजन ऑफ ऑनर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला.

इथल्या जेवणाची गोष्ट सांगायलाच हवी. संध्याकाळचा शेवटचा उजेड ही गळ टाकायची सोन्यासारखी वेळ, म्हणून रात्रीचं जेवण अंधार पडल्यावरच वाढायचं, ही इथली जुनी रीत. मोठ्या लाकडी टेबलाभोवती सगळे पाहुणे एकत्र बसायचे. दिवसभर काळ्या खडकांच्या कडांवर, खिळे ठोकलेले बूट घालून, कमरेएवढ्या ओढत्या पाण्यात उभं राहिल्यावर त्या जेवणाला काय चव येत असेल ते वेगळं सांगायला नको.

नदीत रोज उतरणाऱ्या मूरला बदल सगळ्यांच्या आधी दिसले. १९६० च्या दशकात उपनद्यांच्या अगदी काठापर्यंत झाडं तोडली जात होती. सावली गेली की ओढा तापतो, उघड्या उतारावरची माती पात्रात येते आणि अंडी घालायची खडी बुजते. लाकूड हाच तर त्या भागाचा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे शेजाऱ्यांच्या रोजगाराविरुद्ध बोलायचं म्हणजे मोठीच जोखीम. तरीही १९६६ मध्ये स्टीमबोटर्स ही नदी राखू पाहणाऱ्या गळवाल्यांची संघटना उभी राहिली, आणि १९६८ च्या सुमारास पास क्रीक या ओढ्याची दुर्दशा दाखवणारा एक छोटा माहितीपट तयार झाला. मूरने तो अधिकाऱ्यांना, लाकूड कंपन्यांना, ज्याला म्हणून दाखवता येईल त्याला दाखवला. ओरेगनचा जंगलतोडीचे नियम घालणारा कायदा १९७१ मध्ये आला. ते एकट्या मूरचं श्रेय नाही, पण हवा बदलण्यात त्याचा वाटा नक्की आहे. जीनबद्दल फार कमी लिहिलं जातं याचं मला वाईट वाटतं. लिंपी रॉक परिसरातल्या रानफुलांची नोंद त्यांनी चिकाटीने केली, आणि ती जागा राखीव होण्यामागे त्यांचे कष्ट आहेत.

१९७५ मध्ये इन व्हॅन लोन दांपत्याकडे गेलं आणि त्यांनी चाळीसेक वर्षं ते चालवलं. जेवणाची कीर्ती खरी पसरली ती त्यांच्या काळात. मालक बदलले तरी नदीची राखण सुटली नाही. स्टीमबोट क्रीक या उपनदीतल्या बिग बेंड डोहात उन्हाळ्यात शेकडो मासे दाटीने थांबतात, आणि एकेकाळी चोरटे तिथे सुरुंग लावून मासे मारत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ली स्पेन्सर नावाचे स्वयंसेवक आपल्या कुत्रीसह वर्षानुवर्षं त्या डोहावर पहारा देत बसले.

मार्च २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने या खोऱ्यातली सुमारे एक लाख एकर जमीन मूर दांपत्याच्या नावाने, नदीत नैसर्गिकपणे जन्मणाऱ्या स्टीलहेडसाठी राखली गेली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, आर्ची क्रीकच्या वणव्यात त्यांचं घर जळालं. इन वाचलं. फ्रँक जानेवारी २०२२ मध्ये ९८ व्या वर्षी गेले.

तुम्ही जाणार असाल तर राहा, जरूर राहा. बिग बेंडचा डोह काठावरून पाहा. गळ टाकायचा विचार असेल तर स्टीमबोट क्रीक १९३२ पासून मासेमारीला बंद आहे हे लक्षात ठेवा. मुख्य नदीवर इनच्या भागात फक्त फ्लाय (पिसं-दोऱ्याचा बनावट किडा लावलेला गळ) चालते, आणि निघण्याआधी चालू हंगामाचे नियम तपासा. ऑगस्ट २०२१ मध्ये मासे इतके कमी आले की नदीवरची मासेमारीच थांबवावी लागली होती.