सुट्या भागांच्या कीबोर्डसाठी कर्ज काढावे का?

सप्रेम नमस्कार.

आपण नाशिकला घरून तांत्रिक लेखन करता, इंग्रजी आणि मराठी मिळून दिवसाचे आठ-नऊ तास टंकन होते, आणि प्रत्येक कळीखाली दिवा असलेला, स्विच (कळीखालचा, दाब ओळखणारा भाग) काढून बदलता येणारा मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः जुळवण्याचा आपला विचार आहे. परदेशातून येणारे केस (बाहेरचा सांगाडा) आणि पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) यांचे किट १८,५०० रुपये, ग्रुप बायमधील, म्हणजे अनेकांची मागणी एकत्र करून होणाऱ्या आगाऊ खरेदीतील, कीकॅप (कळांवरची टोपणे) ७,५००, ९० स्विच ४,५००, लांब कळा डगमगू न देणारे स्टॅबिलायझर १,५००, ल्यूब (वंगण) आणि अवजारे २,००० असा एकूण ३४,००० रुपयांचा हिशेब मांडून, ही रक्कम क्रेडिट कार्डावर १६ टक्के व्याजाने १२ हप्त्यांत फेडावी का, असे आपण विचारले आहे.

ज्या साधनावर आपली रोजची मिळकत उभी आहे ते चांगले असावे, ही इच्छा मला पूर्णपणे रास्त वाटते. पूर्वी टंकलेखनाच्या वर्गात शिकलेली माणसे यंत्र बदलले की अस्वस्थ का होत, हे दिवसभर कळा दाबणाऱ्यालाच कळते. माझा आक्षेप कीबोर्डला नसून कर्जाला आहे, आणि त्याचे कारण आपल्या निवडीतच दडलेले आहे: जी वस्तू तुकड्या-तुकड्याने घेता येते, ती एकदम घेण्यासाठी व्याज भरण्याची गरज नसते.

प्रथम खरा आकडा पाहू. परदेशातून येणाऱ्या २६,००० रुपयांच्या मालावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) धरला, तरी ४,६८० रुपये होतात. आपल्या कार्डाचे परकीय चलन शुल्क ३.५ टक्के आहे आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे आणखी सुमारे १,०७५ रुपये. कुरिअर कंपनीचे सीमाशुल्क हाताळणीचे पैसे मिळवले की खर्च ४० हजारांच्या घरात जातो. याउपर ३४,००० रुपयांचा हप्ता महिना सुमारे ३,०८५ रुपये येईल. वर्षभरात सुमारे ३,००० रुपये व्याज, आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी.

आता दुसरी बाजू. आपला महिन्याचा खर्च ३८,००० रुपये आहे आणि अडीअडचणीसाठी ९०,००० रुपये बाजूला आहेत, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांची सोय. कामाचे पैसे अनियमित येत असताना ही सोय किमान चार महिन्यांची, म्हणजे १,५२,००० रुपयांची हवी. महिना १०,००० रुपयांची आपली बचत चालू राहिली, तर उरलेले ६२,००० रुपये सहा महिन्यांहून थोड्या अधिक काळात जमतील. हप्ता सुरू झाला, तर त्यालाच नऊ महिने लागतील. या तीन महिन्यांच्या उशिराची मला व्याजापेक्षा अधिक काळजी वाटते.

‘व्यवसायाचा खर्च म्हणून करात वजावट मिळेल’ असे आपण लिहिले आहे. मात्र आपले विवरणपत्र अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने, मिळकतीच्या ५० टक्के उत्पन्न धरून भरले जाते. त्या पद्धतीत सर्व खर्च आधीच धरलेले असतात, त्यामुळे या कीबोर्डाची वेगळी वजावट मिळणार नाही. आपली जीएसटी नोंदणी नसल्याने भरलेला जीएसटीही परत मिळणार नाही.

दिव्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे पैसे दोनदा जाण्याचा धोका आहे. आपण निवडलेल्या कीकॅप डाय-सब छपाईच्या (रंग प्लास्टिकमध्ये मुरवून छापलेल्या), पीबीटी नावाच्या प्लास्टिकच्या आणि अपारदर्शक आहेत, आणि इनस्क्रिप्ट या टंकन-मांडणीची देवनागरी अक्षरे त्यांवर छापलेली येतील. अशा कीकॅपमधून प्रकाश अक्षरातून बाहेर पडत नाही, तो फक्त कळांच्या फटींतून दिसतो. रात्री अक्षर उजळलेले दिसावे, हा हेतू असेल, तर प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या कीकॅप लागतील. सुंदर देवनागरी छपाई हवी असेल, तर प्रत्येक कळीखालच्या दिव्यासाठी जास्त किंमत मोजण्यात अर्थ नाही. दोहोंपैकी एक निवडावे. शिवाय हॉट-स्वॅप सॉकेटमुळे (स्विच नुसता खोचून बसवण्याच्या खाचेमुळे) स्विच सोल्डरिंगशिवाय, म्हणजे धातूचा जोड न वितळवता, निघतो, पण अशा बहुतेक किटमध्ये दिवा पीसीबीलाच जोडलेला असतो. तो बिघडला, तर सोल्डरिंग करावे लागते किंवा पीसीबी बदलावा लागतो.

म्हणून माझा सल्ला असा की, भारतातील विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर आणि वॉरंटीसह, १०,००० रुपयांच्या आतला हॉट-स्वॅप कीबोर्ड एका महिन्याच्या बचतीतून रोखीने घ्यावा. त्यामुळे आपत्कालीन निधी पूर्ण व्हायला एकच महिना उशीर होईल. बोटांना कोणता स्विच मानवतो, हे ९० नग मागवण्यापूर्वी मोजक्या नगांवर तपासून पाहावे. चेरी कंपनीच्या एमएक्स रेड स्विचला सुमारे ४५ ग्रॅम दाब लागतो आणि एमएक्स ब्लॅकला ६०. दिवसभराच्या टंकनात हा फरक जाणवतो. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यापासून गॅटेरॉन, कैल्ह यांसारख्या अनेक कंपन्या त्याच मापाचे स्विच बनवतात, त्यामुळे आज घेतलेले स्विच उद्याच्या महागड्या केसमध्येही बहुधा बसतील. निधी पूर्ण झाल्यावर स्विच, मग कीकॅप आणि सर्वांत शेवटी धातूची केस, या क्रमाने जावे.

ग्रुप बायची मुदत या महिनाअखेर संपते म्हणून घाई करू नये. त्यात पैसे आधी द्यावे लागतात, माल अनेक महिन्यांनी येतो, आणि आपण मात्र हप्ते पहिल्या महिन्यापासून भरत राहाल.

पुढे किट घ्याल, तेव्हा पीसीबी स्वतंत्रपणे मिळतो का आणि कितीला, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर ते किट घेऊ नये.