अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीला प्रवेश कशावर मिळतो?

तुम्ही विचारलंय की पुण्यात एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहात, मार्क चांगले आहेत, एका समुपदेशन केंद्रात इंटर्नशिपही झाली आहे. तर अमेरिकेत क्लिनिकलच्या पीएचडीला थेट प्रवेश मिळेल का आणि जीआरई या प्रवेशपरीक्षेत किती स्कोअर लागतो? मी इथे याच कोर्सच्या चौथ्या वर्षाला आहे. दर हिवाळ्यात आमच्या लॅबला येणारे अर्ज जवळून बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जीआरईचं आधी उरकते. बऱ्याच विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली आहे, काहींनी काढूनच टाकली आहे. जिथे लागते तिथल्यापुरती द्या, तिच्यात वर्ष घालवू नका.

अर्ज विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायचा असला, तरी निवड बहुतेक ठिकाणी एक प्राध्यापक करतो, स्वतःच्या लॅबमधल्या एखाद्या जागेसाठी. शेकडो अर्जांतून पूर्ण कोर्सला मिळून पाच-दहा जण घेतले जातात. शिवाय प्रत्येक गाईड दरवर्षी विद्यार्थी घेतोच असं नाही. यंदा कोण घेणार, हे इथला उन्हाळा संपता संपता, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, विभागाच्या वेबसाइटवर येतं. ते न बघता अर्ज केला तर फी पाण्यात. म्हणून विद्यापीठांच्या रँकिंगची यादी करण्याआधी गाईडची यादी करा, त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले पेपर वाचा, आणि तुमचा प्रश्न त्यांच्या कामाला कुठे जोडला जातो ते स्वतःला स्पष्ट सांगता येतं का ते बघा.

हा ‘प्रश्न’ म्हणजे काय, ते माझ्याच अर्जावरून सांगते. इकडे येण्याआधी मी सातारा जिल्ह्यात एका संशोधन प्रकल्पावर होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या बायकांकडून पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली भरून घ्यायची. ‘उदास वाटतं का?’ याला बऱ्याच जणी सरळ नाही म्हणायच्या, आणि मग झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंगात त्राणच नाही, हे कितीतरी वेळ सांगत बसायच्या. मग नऊ प्रश्नांची जी बेरीज येते, ती या बायकांमध्ये नेमकं काय मोजते? माझ्या एसओपीचा, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्राचा, पहिला परिच्छेद एवढाच होता. मुलाखतीत गाईडनी पहिलंच विचारलं, “नाही म्हणणाऱ्यांचे झोप आणि भुकेचे गुण वेगळे काढून बघितलेस का?” पुढचं सगळं बोलणं त्यावरच झालं. ‘मला लोकांना मदत करायची आहे’ हे खरंच असतं, पण प्रत्येक अर्जात असतं. त्यावरून तुम्ही संशोधक म्हणून कसा विचार करता ते कळत नाही.

त्यामुळे थेट प्रवेशाबद्दल माझं मत असं: अशक्य नाही, पण एमएनंतर एक-दोन वर्षं संशोधन सहायक म्हणून काम करून अर्ज केलात तर खूप फरक पडेल. समुपदेशनाचा अनुभव चांगलाच, पण पीएचडीच्या निवडीत वजन संशोधनाला जास्त. आपल्या जवळच गोव्यात ‘संगाथ’ ही मानसिक आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे. नैराश्याच्या रुग्णांना प्राथमिक आरोग्य केंद्रातच, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकडून मदत देऊन पाहणारा त्यांचा अभ्यास 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. अशा प्रकल्पांत माहिती गोळा करण्यापासून विश्लेषणापर्यंत सगळं शिकता येतं, आणि शिफारसपत्र देणाऱ्याने तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेलं असतं.

पैशांचं नीट बघा. विद्यापीठांच्या पीएचडीत बहुधा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा लॅबच्या कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. साय-डी ही थेरपीवर जास्त भर देणारी डॉक्टरेट, पण तिची फी बहुतेक वेळा स्वतःच भरावी लागते. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता असलेल्या प्रत्येक कोर्सला खर्च, किती वर्षं लागतात, किती जण मधेच सोडतात, किती जणांना इंटर्नशिप मिळते, हे आकडे वेबसाइटवर द्यावेच लागतात. ते पान उघडल्याशिवाय कुठेही अर्ज करू नका. काउन्सेलिंग सायकॉलॉजीच्या पीएचडीही जरूर बघा. लायसन्स तेच मिळतं.

ही इंटर्नशिप म्हणजे कोर्सच्या शेवटी वर्षभराचं पूर्णवेळ काम, आणि ती सक्तीची असते. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत तिच्या भरपूर जागा असतात, पण त्या फक्त अमेरिकन नागरिकांना. मुलाखतीत बेधडक विचारा, “तुमच्याकडचे परदेशी विद्यार्थी इंटर्नशिपला कुठे गेले?” बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि 15 एप्रिलपर्यंत होकार कळवायचा असतो.

आणि परत येऊन पुण्यातच प्रॅक्टिस करायची असेल, तर हे सगळं सुरू करण्याआधीच आरसीआयला, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाला, लेखी विचारून ठेवा. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला त्यांची नोंदणी लागते, आणि परदेशी पदवी आहे म्हणून ती आपोआप मिळत नाही.