पोलीस भरतीत 6 मार्कांनी हुकलं. अकॅडमी लावू, की नाद सोडू?

तुझा प्रश्न वाचला. वय 22, ग्राउंडला (मैदानी चाचणीला) 50 पैकी 44, लेखीला 100 पैकी 61, कटऑफ 6 मार्कांनी हुकला. गोळाफेकीत मार्क गेले म्हणून अकॅडमी लावायचा विचार आहे आणि घरी लग्नाचं बघतायत. मी 2023 ला महाराष्ट्र पोलिसात शिपाई म्हणून लागले. तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

नाद सोडू नकोस. पण गोळ्याच्याच मागेही लागू नकोस.

ग्राउंडला पैकीच्या पैकी पडले असते तरी तुझे किती वाढले असते? सहाच. म्हणजे जेमतेम कटऑफपाशी आली असतीस. लेखीत मात्र 39 मार्क तसेच पडून आहेत. मला ग्राउंडला 39 होते, तुझ्यापेक्षा पाच कमी. लेखीला 84 पडले आणि नाव लागलं.

हे मलाही उशिरा कळलं. 2021 ला नियम वेगळा होता, आधी पेपर आणि मग ग्राउंड. मी वर्षभर पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळले, नडग्या दुखून रात्री झोप यायची नाही, आणि पेपरातच उडाले. ग्राउंडवर पाय ठेवायलाही मिळालं नाही. त्या रात्री आईजवळ खूप रडले. 2022 ला नियम बदलून पुन्हा ग्राउंड आधी आलं. ग्राउंडला निम्मे मार्क लागतात आणि जागेच्या दहापट मुलं-मुली लेखीला बोलावतात. तुझे 44 असताना ते दार तुला उघडंच आहे.

आता लेखी. 100 प्रश्न, 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. मी एक शंभर पानी वही केली होती. रोज एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवायचा आणि त्यात फक्त चुकलेले प्रश्न उतरवायचे, शेजारी का चुकला ते लाल पेनाने. महिन्याभराने वही चाळली तर पानामागून पान काळ-काम-वेग, नातेसंबंध आणि समास! इतर धडे मला येतच होते, मी उगाच तेच तेच वाचत बसले होते. पुढचे दोन महिने या तिन्हींवरच घातले. पेपर जिल्ह्याजिल्ह्याचा वेगळा निघतो, त्यामुळे सरावाला जुने पेपर भरपूर मिळतात. आणि चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नकोस. अडलेल्या गणितावर तीन मिनिटं घालवलीस की शेवटचे तीन सोपे प्रश्न गेलेच समज.

गोळ्याचं थोडक्यात सांगते. आपला 4 किलोचा गोळा, 6 मीटर गेला की पूर्ण 15. बहुतेक मुली तो तळहातात घट्ट धरून दगडासारखा भिरकावतात. तो बोटांच्या मुळाशी ठेवायचा, मानेला टेकवायचा, गुडघे वाकवून कंबर फिरवायची आणि ढकलायचा. हात सगळ्यात शेवटी येतो. गावातल्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आठ दिवस मागितलेस तर ते आनंदाने शिकवतील.

अकॅडमी मी लावली होती, तीन महिने. फी आधी भरून घेतली, ग्राउंड करून घेतलं, लेखीच्या नावाने नोट्सचा गठ्ठा हातात दिला. सगळ्याच अशा नसतील. पण तुझी अडचण लेखीची आहे, म्हणून तोच पैसा तालुक्याच्या अभ्यासिकेत घाल. तिथे चार मुली एकत्र बसलात की एकमेकींचे पेपर तपासता येतात. आणि कुणी 'सेटिंग लावून देतो' म्हणाला तर त्याला घराच्या पायरीवरही उभं करू नकोस.

घरच्यांचं. 2024 च्या भरतीत 17,471 जागांना साडेसतरा लाखांवर अर्ज होते. एवढ्या गर्दीत तू 6 मार्कांपर्यंत आलीस, हे बाबांना नीट समजावून सांग. खुल्या प्रवर्गाला वयाची अट 28, मागास प्रवर्गाला 33. वय तुझ्या बाजूने आहे. मी घरी एका भरतीचा वेळ मागितला होता आणि दर रविवारी सराव पेपराचे मार्क कॅलेंडरवर लिहायचे. 58, 63, 61, 70... आकडे चढताना दिसले तसे पाहुण्यांचे फोन वडीलच टाळायला लागले.

नोकरी कशी आहे तेही आधीच सांगून ठेवते. बंदोबस्तात बारा-बारा तास उभं राहावं लागतं, आणि जवळपास बायकांसाठी स्वच्छतागृह नसतं म्हणून कित्येकजणी पाणीच पीत नाहीत. हे बदलायलाच हवं. पण गेल्या वर्षी वारीच्या गर्दीत हरवलेली एक म्हातारी माझा हात धरून दोन तास बसली होती, तिचा मुलगा सापडेपर्यंत. तो दिवस आठवला की वाटतं, मी योग्य ठिकाणी आले.

आणि एक काम आजच कर. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, जे जे तुला लागू असेल ते सगळं काढायला टाक. आमच्यातली एक मुलगी मेरिटमध्ये बसूनही पडताळणीत बाहेर गेली, दाखल्याची तारीख चुकली म्हणून. जाहिरात आल्यावर सेतूत जी रांग लागते, तिच्यात तुला उभं राहायला लागू नये.