साहेब बदलले की ड्युटीचे तास का बदलतात?

प्रश्न : माझे मिस्टर पोलीस हवालदार आहेत, एकवीस वर्षं झाली नोकरीला. मधे एक साहेब होते त्यांनी आठ तासांची ड्युटी लावली होती, तेव्हा रात्री सगळे एकत्र जेवायचो. साहेबांची बदली झाली आणि परत बारा-चौदा तास, सणासुदीच्या बंदोबस्तात तर विचारूच नका. हे सगळं एका माणसाच्या मर्जीवरच का? यावर कुणी नीट अभ्यास केलाय की नाही?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, अभ्यास झालाय आणि तुम्ही जे घरात बघताय तेच त्यात आलंय. केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोचा २०१४ चा अहवाल आहे, त्यात देशातल्या पोलीस ठाण्यांतले जवळपास ९० टक्के पोलीस रोज आठ तासांच्या वर राबतात असं निघालं, आणि ७३ टक्क्यांहून जास्त लोकांना महिन्यातून एकदासुद्धा साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. एकदासुद्धा! हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आता मुंबईचं सांगते. २०१६ मध्ये देवनार ठाण्यातल्याच एका शिपायानं आहे त्या माणसांत तीन पाळ्या कशा बसतील याचं गणित मांडलं आणि ते तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापर्यंत पोचलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं नाही, आधी देवनारला करून बघितलं, जमतंय म्हटल्यावर २०१७ मध्ये शहरभर नेलं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली वाटते तर ती ही की खालच्या माणसाचा कागद वरच्यानं वाचला. पण असं काम आदेशावर चालतं, मंजूर मनुष्यबळ त्यासाठी वाढत नाही, म्हणून नवीन साहेबांना माणसं कमी दिसली की पहिला घाव पाळीवरच पडतो. तुमच्याकडेही बहुतेक हेच झालंय.

आणि आठ हाच आकडा धरून बसायचीही गरज नाही हं. अमेरिकेत डेट्रॉइट आणि आर्लिंग्टनला पोलिसांवर प्रयोग झाला, २०११ मध्ये निष्कर्ष आले. दहा तासांची पाळी पण आठवड्यात चारच दिवस, अशा लोकांना आठ तासवाल्यांपेक्षा रोज अर्ध्या तासाहून जास्त झोप मिळाली आणि ओव्हरटाइम खूप कमी झाला. बारा तासवाले मात्र जास्त पेंगत होते, आणि अशा माणसाच्या हातात आपण हत्यार आणि गाडी देतो.

मिस्टरांना सांगा, आपल्या ठाण्यात माणसं किती, कोर्ट-समन्स, गस्त, बंदोबस्त यात किती अडकतात, कुठल्या वेळी खरी गरज असते, हे महिनाभर वहीत टिपा. हजेरी मास्तरांना, म्हणजे ठाण्यात ड्युटी वाटून देणाऱ्यांना, सोबत घेऊन दोन पानी चार्ट करा आणि पुढच्या दरबारात, म्हणजे साहेब कर्मचाऱ्यांच्या अडचणी ऐकतात त्या बैठकीत, एसपी साहेबांच्या हातात द्या, तोंडी नको, लेखीच.