लग्नाच्या व्हीसीडी नव्या प्लेअरवर लावायच्या असतील तर

तुमच्याकडे २००४ सालच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी आहेत, नवा डीव्हीडी प्लेअर त्या घेत नाही, पडद्यावर ‘अननोन डिस्क’ येतं, आणि आईबाबांना ते लग्न टीव्हीवरच बघायचंय. दुकानदाराने ‘सीडी गेल्या’ म्हणून सांगितलं असलं तरी लगेच मान्य करू नका.

आधी कुणाकडून तरी एखाद्या सिनेमाची किंवा नाटकाची छापील (दुकानात विकत मिळायची ती) व्हीसीडी आणून त्याच प्लेअरवर लावा. तीही लागली नाही, तर तुमच्या प्लेअरला व्हीसीडी हा प्रकारच कळत नाही. ती लागली आणि लग्नाची लागली नाही, तर गडबड बहुधा तुमच्या सीडीत आहे: चित्र साठवलेला थर फिका पडलाय किंवा चरे आहेत. अशा वेळी मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही, आणि कॉम्प्युटरच्या दोन-तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघायचं. एक ड्राइव्ह अडतो तिथे दुसरा बरेचदा वाचून जातो.

दोन्ही बाबतींत पुढचं काम सारखंच. विंडोजवर सीडी उघडा, ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली ‘डॅट’ फाईल हार्ड डिस्कवर उतरवा. तिचं नुसतं नाव बदलून ‘एमपीजी’ करू नका. आत एमपीईजी-१ या जुन्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओच असतो, पण त्याला सीडीच्या सेक्टरांचं, म्हणजे सीडीवरच्या छोट्या कप्प्यांचं, वेष्टण असतं. व्हीसीडीगिअर नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर ते काढून स्वच्छ एमपीजी देतं. प्लेअरला यूएसबी असेल तर ही फाईल पेनड्राइव्हवर टाकून बघा. कधीकधी काम इथेच संपतं.

नाही लागली, तर डीव्हीडी बनवा. इथे बहुतेक जण चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलला फुगवतात. कृपा करून ते करू नका. व्हीसीडीचं ३५२ बाय २८८ चं एमपीईजी-१ चित्र डीव्हीडीच्या नियमांत जसंच्या तसं बसतं. बसत नाही तो फक्त आवाज: व्हीसीडीत ४४.१ किलोहर्ट्‌झ, डीव्हीडीला लागतो ४८. म्हणजे आवाज तेवढा बदलायचा, चित्राला हात लावायचा नाही. मुळात सेकंदाला ११५० किलोबिटांत दाबलेलं चित्र ते. वरातीतल्या दिव्यांभोवती आधीच चौकोन दिसतात. पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे नव्याने दाबलं, की शालूच्या जरीवरही ते दिसायला लागतात. डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओला ‘कॉपी’ आणि ऑडिओला ४८ किलोहर्ट्‌झ निवडा.

सीडीवर ‘एमपीईजी२’ नावाचं फोल्डर निघालं, तर ती एसव्हीसीडी, म्हणजे व्हीसीडीचा पुढचा प्रकार आहे. तिचं ४८० बाय ५७६ हे माप डीव्हीडीला चालत नाही, तेव्हा तिथे ७२० बाय ५७६ सारख्या चालणाऱ्या मापाला एन्कोड करण्यावाचून इलाज नाही.

तिन्ही व्हीसीडी मिळून सव्वादोन जीबीच्या आसपास जातील, म्हणजे ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीत आरामात मावतील. मेनूत हळद, मंगलाष्टका, वरात अशी बटणं ठेवा. आईबाबांना रिमोटने हवं तिथे जाता येईल. डीव्हीडी-आर घ्या, कमी वेगाने बर्न करा आणि शेवटी फायनलाइज करायला (डिस्क लिहून पूर्ण झाली अशी बंद करायला) विसरू नका, नाहीतर कॉम्प्युटरवर चालणारी डिस्क प्लेअरवर पुन्हा अडेल. व्हीसीडीगिअरमधून निघालेल्या मूळ एमपीजी फाइली मात्र डीव्हीडी चालली म्हणून पुसू नका. बहिणीकडे एक प्रत पाठवून द्या.